आडव्या वाऱ्यातला जोर

१४ नोव्हेंबर १९८२, करडी
डाव्या कानातला कापूस काढला. त्या बाजूचं अजून सगळं लांबून ऐकू येतं. मुंबईच्या डॉक्टरनं विमानात पाऊल ठेवायला बंदी घातलीय. कानाचा फाटलेला पडदा भरून आला तर पुन्हा फ्लाइट इंजिनिअर. नाही तर हँगरमध्ये टेबलखुर्ची.
सुमन खूष. लग्न झाल्यापासून इतका सलग मी घरी कधी राहिलोच नाही. मुंबईच्या खोलीत तिचं मन रमलं नाही, ती इथेच राहिली. खूष आहे असं म्हणत नाही, पण रोज माझ्या आवडीचं रांधते.

१९ नोव्हें.
धानाची कापणी. शेतातल्या बांधीत उतरलो तर बाबा ओरडले, "तू धुऱ्यावरच बस रे, कानात धूळ जाईन!" बांधावर बसलो. पस्तिशीचा बाप्या.
दुपारी एक जेट गेलं, फार उंचावरून, नागपूरकडे. कापणाऱ्या बायांपैकी कुणी मान वर केली नाही. मी मात्र ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिलो.

२३ नोव्हें.
सुमननं पकडलं. खाटेवर बसून हवेत हात पुढे सरकवत होतो.
"अजी, काय ढकलून राहिले?"
कधी विचारलं नव्हतं तिनं. सांगितलं. चार इंजिनांचे चार लिव्हर. कॅप्टन पुढे सरकवतो, मागून माझा हात शेवटचं जुळवतो. वारा आडवा असला तर विमान उभं असताना पूर्ण जोर द्यायचा नाही. हवा इंजिनाच्या तोंडात तिरपी शिरते, ते ठसकतं, बंदुकीसारखा बार होतो. आधी थोडाच जोर, चारही सारखी होऊ द्यायची. मग धावू द्यायचं. समोरची हवा मिळत गेली की वाढवत न्यायचं. पण वेग ऐंशी नॉट व्हायच्या आत मापकांच्या सुया ठरलेल्या आकड्यावर हव्यात. त्यानंतर उगाच हात लावायचा नाही.
नीट ऐकलं तिनं. मग, "तुम्ही नसले तं विमान उडत नाही का?"
"उडते. दुसरा इंजिनिअर बसते."
"मंग?"
ती चहा ठेवायला उठली.

२४ नोव्हें.
रागावली नव्हती. आज स्वतःहूनच, "त्या वक्ती कसं वाटते जी?"
शेवटची फेरी आठवत होती. भर दुपार, उजवीकडून वारा, विमान नाक वळवू बघत होतं. नाक सरळ ठेवायला कॅप्टनचे पाय रडरच्या पेडलवर, माझी बोटं लिव्हरवर. चारही सुया एका रेषेत आल्या. "थ्रस्ट सेट," मी म्हणालो, म्हणजे जोर जुळला. थोड्या वेळानं चाकांची धडधड एकदम थांबली आणि…
सकाळी जाग येते तेव्हा हात आधी तिच्याकडे जात नाही, त्या लिव्हरकडे जातो. हे तिला कसं सांगू.

२ डिसें.
नागपूरला कानाच्या डॉ.कडे. "भरलेला दिसतो. पण ठरवणार मुंबईचं मेडिकल बोर्ड." घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "बेस झालं." सुमन आत गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मागे गेलो. देवापुढे बसली होती.
"रोज मांगत होती मी. तुमचा कान दुखू नये म्हनून."
"मग, दुखत नाही ना आता."
"बरा होऊ दे, असं नाही मांगतलं." हसायला गेली, रडली. मी शेजारी बसलो. तिचा हात धरला, तर तिनं दोन्ही हातांनी घट्ट.

९ डिसें., गाडीत
सुमन वरठी स्टेशनपर्यंत आली, बाबांच्या बैलबंडीतून. फलाटावर म्हणालो, "पास झालो की तार करतो."
"आन् नापास झाले तं?"
"तरी करीन."
"तवा तार कायले जी? तुम्हीच या ना."
गाडी हलली. ती चालत आली, फलाट संपेपर्यंत. हात हलवला नाही. मीही नाही. नागपूर गेलं तरी दारातच उभा होतो.
परवा बोर्ड.