पिंपातली कमळं

हंसा,

कमळं तू मारली नाहीस. सुके बोंबील धुतलेलं पाणी तूच पिंपात ओतलंस असं धरून चार बायकांत मी तुला नको ते बोलले. परसातल्या विहिरीचं पाणी आपण पीत नाही. आज सकाळी सहज तोंडात घेतलं तर खारट लागलं. खाडीचं पाणी आत शिरलंय. आणि तेच पाणी मी महिनाभर माझ्या हाताने कमळांना घालत होते.

तीन कंद अजून घट्ट आहेत. ओल्या फडक्यात गुंडाळून चिखल्याला तुझ्या आईकडे घेऊन चाललेय. त्यांच्या विहिरीचं पाणी गोड आहे. त्या घराची पायरी चढणार नाही म्हटलं होतं, ते माझ्या लक्षात आहे. तू आठवण करून देऊ नकोस.

काल तू ट्रंक भरलीस ते पाहिलं. अडवणार नाही, भांडायला आता अंगात जीव नाही. पण चूक माझी होती हे तुझ्या आईला माझ्या तोंडून कळू दे. भात झाकून ठेवलाय, खाऊन घे. मी संध्याकाळपर्यंत येते.

मग जायचं तर जा, पण मला सांगून जा.

तुझी सासू