घट्ट बसलेला फ्रॉक

प्रिय ताई,

तू दोनच मजले खाली आहेस, निरोप धाडला तर धावत येशील, तरी पत्र लिहितेय. समोर बसलीस की तू बोलतेस आणि मी मान हलवते, हे आपलं लहानपणापासूनचं. उद्या माझ्या आतड्यातली गाठ तू काढणार, म्हणून इथे माझा केवढा थाट! डॉक्टरबाईंची बहीण म्हणून दोन उशा जास्त मिळाल्यात. जो येतो तो म्हणतो, नशीबवान आहात, घरचीच सर्जन. मी हसते. या खोलीची खिडकी उघडत नाही. दोनदा ओढून पाहिली.

परवा तू मला ऑपरेशनची रिकामी खोली दाखवलीस. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले यंत्राचे चार हात टेबलावर वाकलेले, आणि ते हात चालवायची तुझी जागा मात्र लांब, कोपऱ्यात, पडद्याच्या खोक्यापाशी. चपला काढून, त्या खोक्यात डोकं खुपसून तू पेडलवर पाय ठेवलेस आणि मला आईचं शिवणयंत्र आठवलं. त्यावरही तू अशीच अनवाणी बसायचीस. बारीक छिद्रांतून आत शिरून गाठीचा भाग कसा सोडवायचा, हे तू किती हौसेने सांगत होतीस! मग म्हणालीस, एकदा हे हात पोटात गेले की टेबल जरासुद्धा हलवायचं नाही. मला तिथे झोपलेली मी दिसले.

नंतर मला बसवून सरावाचा दोरा दिलास. मी यंत्राच्या हातांनी ओढला, तो तटकन तुटला. तू खळखळून हसलीस. "अगं वेडे, इथे हाताला काही कळत नाही. ताण डोळ्यांनी ओळखायचा."

तेव्हापासून तो निळा फ्रॉक डोक्यातून जात नाही. शाळेच्या कार्यक्रमासाठी तू शिवलेला. "हलू नकोस" म्हणत तू टाचण्या लावल्यास. काखेत तो इतका घट्ट होता की श्वास पुरा जात नव्हता. तू चार पावलं मागे जाऊन म्हणालीस, "कसा छान बसलाय!" आई नुसतं उसवूया का म्हणाली, तर तू रडकुंडीला आलीस. मग मी तो दिवसभर घालून तुझ्यासमोर हिंडले. तुला ताण दिसला नाही गं, आणि मी बोलले नाही. पुढे माझं कॉलेज, नोकरी, घरसुद्धा तूच शोधलंस. सगळं चांगलंच शोधलंस, आणि सगळं थोडं काखेत घट्ट.

काल तू ह्यांना शब्द दिलास, "तिला पिशवी लागू देणार नाही." हे सुटकेचा निःश्वास टाकून घरी गेले. पण त्याआधी तूच मला समजावलं होतंस, की आतड्याचा जोड ताणल्यासारखा वाटला तर पोटावर काही महिने पिशवी लावून त्याला विश्रांती देतात. आता शब्द दिला गेलाय. तू दिलेला शब्द मोडत नाहीस, सगळं घर कौतुकाने सांगतं. मला त्याचीच धास्ती वाटते, ताई. समोर मी असले, तर उसवशील तू?

आज तू ज्यांना मौनीबाबा म्हणतेस ते तुमच्याकडचे दुसरे सर्जन तपासायला आले. पिशवीची गरज पडली तर लावाल ना, असं मी त्यांना विचारलं. "लागली तर लावणारच," एवढंच म्हणाले. मग माझ्या तोंडून निघून गेलं, उद्या तुम्हीच करा. त्यांनी माझी फाईल मिटली. म्हणाले, "करतो. पण ताईंना तुम्ही सांगायचं." तेच सांगतेय. रागाव, अबोला धर, घरी गेल्यावर मनसोक्त भांड. उद्या फक्त त्या कोपऱ्यात बसू नकोस. मला झोप लागेपर्यंत उशाशी उभी राहा आणि माझा हात हातात घे, हातमोजे न घालता. मी किती घट्ट धरलाय, ते तुला न बघता कळेल.

तुझीच, न हलणारी
धाकटी