टोपलीत पाव होते

प्रिय चिमणे,

बेकरीत पीठ मळायचं यंत्र आलंय, माझे खांदे सुटले. तुझी आई जाऊन वर्ष होत आलं, तरी गिऱ्हाइकं तिचीच आठवण काढतात. परवा तुझी आत्या पाव निवडता निवडता म्हणाली, अशी आई पुन्हा होणे नाही, लेकीला कधी खाली ठेवलं नाही. मी पीठ चाळत राहिलो. ‘लेकीला कधी खाली ठेवलं नाही’ हे ऐकतच तू मोठी झालीस.

तू अगदी तान्ही होतीस. आई पहाटेपासून माझ्याबरोबर बेकरीत राबायची. पाव घरोघरी न्यायच्या टोपल्यांपैकीच एकीत तुला निजवायची, वर तसंच पांढरं फडकं. एकदा दुपारी ती तुझी समजून एक टोपली कडेवर घेऊन घरी गेली. झोपेने इतकी पेंगुळलेली, की वजनातला फरकही कळला नाही. फडकं काढलं, तर आत पाव. तू इकडे पिठाच्या पोत्यांशेजारी गाढ झोपलेली. ती अनवाणी धावत आली. तुला काही झालं नव्हतं, तिला झालं. तुला घे म्हटलं की हात मागे घ्यायची. आत्या म्हणाली, आई आहेस की पाहुणी? तर म्हणाली, पाहुणीच बरी, निदान निघून तरी जाते. कितीतरी दिवस तुला आत्यानेच सांभाळलं.

पुढे तिने तुला खाली ठेवलं नाही, हे खरं. लोकांना त्यात माया दिसली. मला भीतीही दिसायची. शेवटच्या आजारातही दचकून विचारायची, पोरगी कुठंय? टोपलीचं तुला कधी सांगू नका, असं बजावून गेली. तिचा शब्द मोडतोय. देव आणि ती काय ते बघून घेतील.

काल जावयांचा फोन आला. बाळ पलंगावरून पडलं, त्याला काही लागलं नाही, तरी तू त्याला सासूबाईंकडे पोचवलंस. माझ्या आईसारखी आई मला होता येणार नाही म्हणतेस आणि कडी लावून बसतेस. माझा फोनही उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सकाळी देवासमोर बसलो, पण काही मागायला सुचेना. चिमणे, तू जिच्याशी स्वतःला मापतेस, ती बाई आम्ही सगळ्यांनी मिळून बनवली. खरी होती ती तुझ्यासारखीच घाबरलेली, आणि तिच्याजवळ येऊन कुणी बसलं नाही. पत्रामागोमाग मी येतोय. माझ्यासाठी घर आवरू नकोस. फक्त कडी काढ.

तुझाच,
बाबा