फ्लॅश पडलाच नाही

३ फेब्रुवारी

दोरी निम्मी तुटलीय. उजव्या खांद्यातली. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवली, मला राखाडी ढगांशिवाय काही दिसलं नाही. बत्तीस वर्षं लोकांना त्यांचे फोटो दाखवतोय आणि स्वतःच्या आतला फोटो समजेना.

'रोज किती वजन उचलता?' कॅमेरा, लेन्स, वर फ्लॅश — तीन किलो धरा. 'किती तास?' लग्न असेल तर दहा. ते हसले. 'काका, हे आता बंद. उरलेली दोरी गेली तर हात खांद्याच्या वर जाणार नाही. ऑपरेशन करू, पण खात्री देत नाही.'

बंद म्हणजे काय करायचं? मला दुसरं येतं काय? धाकटा भाऊ मखमलाबादला शेवंती आणि गुलाब लावतो. विशीत मी मळा सोडला तेव्हा वडील म्हणाले, फुलं तोडायची लाज वाटते का. लाज नव्हती वाटत. हे जास्त आवडत होतं, एवढंच. आता चोपन्नाव्या वर्षी भावाच्या वाफ्यात जाऊन बसू?

४ फेब्रुवारी

शर्ट घालताना छायाने बाही धरली. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच.

६ फेब्रुवारी

एम. जी. रोडवर गेलो. दुकानदाराने काउंटरवर छोटा कॅमेरा काढून ठेवला. तळहातावर मावतो. खिशात जातो! 'फोटो तोच येतो भाऊ, अंधारात तर तुमच्या मोठ्यापेक्षा बरा.' खरं आहे. दुकानातच सात-आठ काढून मोठे करून पाहिले. खोट काढायची म्हटलं तरी सापडेना. आवाज बंद करता येतो, क्लिक ऐकूसुद्धा येत नाही.

मोठा देऊन छोटा घ्यायचा, असा व्यवहार. 'आधी आठ-दहा दिवस वापरा, मग ठरवा,' म्हणाला.

हातात धरला आणि रडू यायचंच बाकी राहिलं. वाईट असता तर सोपं होतं. नाही जमत म्हणून मोठाच गळ्यात घालून मोकळा झालो असतो.

७ फेब्रुवारी

छाया म्हणते, 'घेऊन टाका. हात राहिला तर अजून दहा वर्षं लग्नं काढाल.' बरोबर.

सोमनाथ म्हणतो — बारा वर्षं माझ्याबरोबर व्हिडिओ करतोय, त्याला बोलायचा हक्क आहे — 'दादा, गिऱ्हाईक आधी कॅमेरा बघतं, फोटो मागून. हे खेळणं घेऊन मांडवात गेलात तर तुम्हाला पाव्हणा समजून जेवायला बसवतील.' हेही बरोबर.

दोघंही बरोबर, आणि मी गंगापूर रोडच्या सिग्नलला गाडीवर बसून खांदा दाबत होतो. मागून हॉर्न वाजले तेव्हा हिरवा झालेला कळला.

९ फेब्रुवारी

ठरलं. उद्या छोटा नेतो. निफाडला गेणूभाऊंच्या मंजुषाचं लग्न. गेणूभाऊंचं लग्नही मीच काढलेलं, रोलच्या कॅमेऱ्यावर. ते मला नावं ठेवणार नाहीत. मोठा कपाटात ठेवला. बॅगेवरची धूळ पुसत किती वेळ बसलो होतो, छाया दोनदा येऊन बघून गेली.

१० फेब्रुवारी

संपलं सगळं.

सकाळी बरं चाललं होतं. हळद, अंतरपाट, अक्षता, सगळे फोटो उत्तम. खांदा दुखला नाही. मला वाटलं, जमलं की आपल्याला!

मग नवरा-नवरी खुर्च्यांवर बसले आणि स्टेजची रांग लागली. त्या रांगेची एक रीत असते. लोक वर येतात, बाजूला उभे राहतात, समोर बघतात. फ्लॅश पडतो. फ्लॅश पडला की पाकीट देऊन उतरतात आणि जेवायला जातात. कुणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. आज फ्लॅश पडेना. मांडवात दिवे भरपूर, छोट्याला गरजच नाही, म्हणून मी बंद ठेवलेला. आवाजही बंद. बत्तीस वर्षांचा अनुभव आणि अक्कल एवढी! फोटो निघत होते आणि लोक हसू धरून उभेच. 'झाला का?' 'झाला.' 'कधी?' प्रत्येकाचं तेच. सोमनाथ मागून 'चला, पुढे चला' करून घसा कोरडा करत होता.

तेवढ्यात चिमाजीमामा वर आले. जीवनचे, म्हणजे नवऱ्या मुलाचे, सटाण्याचे मामा. जीवनचे वडील तो लहान असतानाच गेले. मामांनी वाढवला, त्या घरात शब्द त्यांचा. फेटा बांधून जीवन आणि मंजुषाच्या मधोमध ताठ उभे राहिले. मी तीन फोटो काढले. छान आले. ते समोर बघत उभेच. मी म्हटलं, 'झालं मामा, या आता.' ते एक पायरी उतरले. मागून गेणूभाऊंचे साडू वर चढले आणि त्याच क्षणी खालून कुणीतरी मोबाईलवर त्यांचा फोटो काढला. फ्लॅशसकट.

मामा पायरीवर थांबले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, 'माले खाले उतारी दिन्हं आन् त्यासले फ्लॅश?'

मी धावत जाऊन त्यांना फोटो दाखवला. केवढासा तो स्क्रीन, त्यांच्याकडे चष्मा नाही. 'ही चुन्यानी डबी माले नको दखाडू.' आणि न जेवता निघाले. त्यांच्यामागे त्यांची भावकी, दोन जीपा भरून. जिलेबीची ताटं वाढलेली तशीच राहिली. मंजुषा स्टेजवर उभी राहून बघत होती.

११ फेब्रुवारी

फ्लॅशचं एक बटण. नखाएवढं.

१३ फेब्रुवारी

गेणूभाऊंचा फोन. 'वाल्मीक, तू मामाचा फोटो काढला का नाय, एवढंच सांग.' लगेच पाठवला. त्यांनी तो सटाण्याला पाठवला. तासाभरात तिकडून उत्तर — मागून चिकटवलेला आहे.

चिकटवतोच की आम्ही. वारलेला बाप मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी कितीदा उभा केलाय, लोक ते बघून डोळे पुसतात. कोण खरं मानेल माझं?

'तीनशे माणूस जेवलं आन् मामाच उपाशी गेला,' गेणूभाऊ म्हणाले. 'लय वाईट झालं.' शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

१८ फेब्रुवारी

मंजुषा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलीय. पंधरा तारखेला जीवन तिला न्यायला येणार होता. आला नाही. सोळाला नाही, सतराला नाही. मामांनी सांगितलंय, जिथे आपला मान झाला नाही तिथे आपला माणूस जाणार नाही.

आज तिने स्वतः फोन केला. 'काका, तुमच्यावर राग नाही. पण माझी बॅग भरलेली आहे. रोज सकाळी साडी नेसून बसते, संध्याकाळी बदलते. शेजारच्या बायका विचारायला लागल्यात. जीवन फोनवर रडतो, मामांपुढे तोंड उघडत नाही.'

मला जेवण गेलं नाही. अख्ख्या आयुष्यात माझ्या हातून कुणाचं लग्न मोडलं नव्हतं. फोटो हलले असतील, एकदा तर अख्खा रोल जळाला. पण हे!

दुकानदाराचे दोन मिस्ड कॉल. मोठा की छोटा. मरू देत दोन्ही.

२१ फेब्रुवारी

मामांचा फोटो मोठा छापून, फ्रेम करून सटाण्याला गेलो. एसटीने. गाडी चालवता येत नाही आता.

मला वाटलं होतं दारातून हाकलतील. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. ओसरीत कांद्याच्या गोण्यांशेजारी खुर्ची मांडली. चष्मा लावून फोटो खूप वेळ पाहिला. पाठीमागची अक्षता उडवणारी पोरंसुद्धा दिसतायत त्यात, चिकटवलेला नाही हे त्यांना कळलं. म्हणाले, 'चांगला शे.' मी हुश्श केलं.

मग म्हणाले, 'पन भाऊ, फोटो घरमा बसी दखाना. मान चार लोकसमोर शे.'

फोटो घरी बसून बघायचा असतो, मान चारचौघांत मिळतो. मांडवात सहाशे डोळ्यांनी पाहिलं ते हे, की मामा उभे राहिले आणि उजेड पडला नाही. तो उजेड मी फ्रेम करून आणू शकत नव्हतो.

अट घातली. पुन्हा काढायचा. त्यांच्या अंगणात, भावकीसमोर, जीवन-मंजुषाच्या मध्ये उभं राहून. मोठ्या कॅमेऱ्यावर. 'तवय पोर घर येई.' मगच मंजुषाला घरात घेणार. मी म्हटलं, सोमनाथ काढेल, माझा माणूस आहे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. 'जेन्ही उतारं तेन्हीच चढावनं पाहिजे.' ज्याने पायरीवरून उतरवलं, त्यानेच पुन्हा चढवायचं.

खांद्याचं सांगितलं नाही. सबब वाटली असती.

२२ फेब्रुवारी

छायाशी भांडण. तीस वर्षांत एवढं झालं नव्हतं. 'चूक तुमची नव्हतीच. फोटो आला होता ना?' आला होता. 'मग त्या म्हाताऱ्याच्या हट्टापायी हात घालवणार?' पोरगी बॅग भरून बसलीय, म्हटलं. 'आणि मी? मला कोण विचारणार?' दार आपटून गेली.

सोमनाथ म्हणतो स्टँडवर लावू. स्टँड लावला तर मामा म्हणतील, आधार कार्डाचा काढतोस का?

खरं लिहायचं तर इथेच लिहावं. पोरीसाठी जातोय, हे निम्मं खरं. निम्मं हे की कुणीतरी मोठा मागितला. माझ्या हातात मागितला. यापुढे कुणी मागणार नाही, हे मला कळतंय.

२५ फेब्रुवारी

सटाणा. अंगणात मांडव, दीडशे माणूस. मंजुषा गेणूभाऊंबरोबर जीपमधून उतरली, लग्नातलीच साडी. आधी फोटो, मग उंबरा, असं ठरलेलं. जीवन एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला, मध्ये मामा. फेटा तोच.

मोठा उचलला. छातीपर्यंत आला आणि थांबला. पुन्हा जोर लावला. आत काहीतरी सुटलं, जुनं धोतर फाटावं तसं, आणि हात खाली पडला. सोमनाथने कॅमेरा खालून धरला म्हणून वाचला. डोळ्यांपुढे अंधारी. मला वाटलं, झालं, पोरगी परत निफाडला. तिच्याकडे बघवेना.

मामा पुढे आले. 'काय व्हयनं?' म्हटलं, हात गेला मामा. आधीपासून निम्मा गेलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'आन् असाच ऊना?'

असाच आलो, म्हटलं. ते माझ्या उजवीकडे आले, एक हात पाठीला लावला, दुसरा कोपराखाली घातला आणि माझा हात कॅमेऱ्यासकट वर उचलला. अगदी डोळ्यापर्यंत. कांद्याच्या गोण्या उचलणारा हात, हलला नाही. कानाशी म्हणाले, 'मार.'

मारला. अख्खा मांडव उजळला. चार वेळा. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी.

मामा वळून म्हणाले, 'चला, जेवाले बसा.' मंजुषाने माप ओलांडलं नव्या नवरीसारखं. पंगतीत मामा माझ्याशेजारी बसले. माझी पोळी त्यांनी मोडून दिली. मी डाव्या हाताने जेवलो आणि डोळ्यांतलं पाणी आमटीत पडलं तरी कुणी काही म्हणालं नाही.

२६ फेब्रुवारी

हात उशीवर. मंजुषाचा मेसेज — आज सगळ्यांसाठी पोहे केले. सोमनाथने वाचून दाखवला, म्हणून त्यालाच इथे लिहायला लावलं. हे अक्षर त्याचं.

२ मार्च

डाव्या हाताने. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

दोरी पूर्ण गेली. दोन्ही कॅमेरे छाया दुकानात देऊन आली, बदल्यात काही आणलं नाही.

सटाण्याच्या फोटोंचं मेमरी कार्ड आज पाहिलं. चार फोटो. एका बाजूला जीवन, दुसऱ्या बाजूला मंजुषा, आणि मध्ये एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. मामा एकातही नाहीत. कसे असतील, ते माझा हात धरून उभे होते.

फोटो अजून कुणी मागितलेला नाही.