बाबांच्या शिव्या, माझी शिट्टी

रविवार, ४ मार्च

पेनल्टी मी दिलीच नव्हती — तिनं मागून घेतली! स्वतःच्याच संघाविरुद्ध! हिरव्यांची बचावपटू धापा टाकत आली आणि म्हणाली, "मॅडम, माझ्या हाताला लागला." मला दिसलंच नव्हतं. तिच्या प्रशिक्षकानं कपाळावर हात मारून घेतला, पण प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, दोन्हीकडच्या. पोरी काही संत नाहीत हं! कॉर्नरच्या गर्दीत पाच नंबरची असे चिमटे काढते की समोरचीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकावेत. पण नंतर हात देऊन उठवतेही तीच.

बाबा आले होते — माझे सासरे. दोन्ही संघांना सारख्या टाळ्या. घरी येताना म्हणाले, "किती गुणी पोरी!" आणि हाच माणूस काल पुरुषांच्या सामन्यात पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घसा बसवून आला! निळ्यांच्या स्टँडमधलं सगळ्यात मोठं तोंड म्हणजे आमचे बाबा. मी म्हटलं, "बाबा, पंच मीही आहे." तर म्हणतात, "तुझं वेगळं गं. तू बायकांची पंच."

झोंबलं. लिहितानाही झोंबतंय.

सोमवार, ५ मार्च

बाबांच्या मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. घसा त्यांचा, शिक्षा आम्हाला.

गुरुवार, ८ मार्च

चष्म्याच्या दुकानात एका आजीबाईंचे डोळे तपासत होते, तेवढ्यात फुटबॉल संघटनेचा फोन. सतरा तारखेच्या सामन्याचा पंच जिन्यावरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. मी जाईन का? पुरुषांचा सामना! निळे विरुद्ध पिवळे! वर निरीक्षक बसणार. त्यांनी पास केलं तर मी कायमची पुरुषांच्या सामन्यांची पंच. आमच्या संघटनेत आजवर एकाही बाईला ते मिळालेलं नाही. बिचाऱ्या आजीबाईंना मी तीच ओळ पुन्हापुन्हा वाचायला लावली. शेवटी म्हणाल्या, "बाई, तुलाच दिसत नाहीये का?"

जेवताना घरी सांगितलं. नवरा म्हणाला, "वा!" आणि आणखी वाढून घेतलं. त्याच्या लेखी फुटबॉल म्हणजे सुट्टीची झोपमोड. सासूबाई उठून माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. बाबांचा घास मात्र हातातच.

"आमच्या सामन्याला?"

"हो."

"मग मी शिव्या द्यायच्या कुणाला?"

शुक्रवार, ९ मार्च

बाबांना खरंच काळजी लागली आहे. मी सरळ सांगितलं, त्या दिवशी येऊच नका. सासूबाई आतून ओरडल्या, "नको गं बाई! घरी बसले तर मलाच देतील!"

संध्याकाळी किल्लीवाला आला. चौकात किल्ल्या बनवून देतो तो. स्टँडमध्ये वर्षानुवर्षं बाबांच्या शेजारी बसतो. शिव्या बाबा सुरू करतात, पुरवतो हा. त्याला बातमी कळली तसा हसत सुटला. "तोंडाला कुलूप बसवून देतो यांच्या! किल्ली सूनबाईकडे!" बाबा हसले नाहीत.

रविवार, ११ मार्च

सराव! टीव्हीवर सामना, बाबांच्या तोंडात दाताला चिकटणारी टॉफी, शेजारी सासूबाई विणकामाची सुई घेऊन. तोंड उघडलं की टोचायचं. पंचानं ऑफसाइड दिली — बाबा लालबुंद! — "म्म्म्म! म्म्म्म्म!" हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. मध्यंतरापर्यंत टिकले. मध्यंतरानंतर टॉफी संपली, आणि सासूबाई सुई उशीत खोचून उठल्या. म्हणाल्या, "जित्याची खोड!"

मंगळवार, १३ मार्च

बाबा दबकत खोलीत आले.

"एक तरी चालेल का? साधी. 'डोळे तपासून घे' एवढीच."

"मी चष्म्याच्या दुकानात आहे, बाबा. जाहिरात होईल."

मग मी मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, शिव्या द्या नाहीतर देऊ नका, पण टाळ्या वाजवू नका. बायकांच्या सामन्याला वाजवता तसल्या तर नाहीच नाही. पाहुण्यांपुढे कविता म्हणून दाखवणाऱ्या पोरासाठी असतात त्या. मला पंचाला मिळतं ते हवंय.

नाराज झाले की काय कळेना. जाताना दिवा तसाच ठेवून गेले, एरवी सगळ्यांचे विझवत फिरतात.

शुक्रवार, १६ मार्च

शिट्टी उकळून घेतली. नवऱ्यानं बूट पुसून ठेवलेत. न सांगता! माणूस झोपाळू आहे, वाईट नाही.

शनिवार, १७ मार्च

काय लिहू आणि कुठून लिहू.

पंचाला मिळतं ते मिळालं, पोटभर! मैदानात पाय ठेवला आणि सुरू झाले. चेंडू बाहेर गेला तरी दोष माझा. आणि हे खेळाडू! पिवळ्यांच्या एकाला वारा लागला की तो लोळायचा, मग माझ्याकडे एक डोळा उघडून बघायचा. तरी मी खूश होते. खरंच. सामना हातात होता माझ्या.

पिवळे एका गोलानं पुढे. खेळ संपत आला होता. निळ्यांचा नऊ नंबर गोलसमोर धावत आला आणि आडवा झाला. अख्खा निळा स्टँड उभा — "पेनल्टी! पेनल्टी!" मला ढोंग वाटलं. पेनल्टी नाही. उलट नऊ नंबरलाच पिवळं कार्ड. मग जे काही उसळलं! आणि त्या गोंधळातही एक आवाज ओळखू आला, किल्लीवाल्याचा: "घरी जाऊन भांडी घास!"

पुढच्या क्षणी थर्मासचं झाकण गरगरत मैदानात. बघते तर पहिल्या रांगेत बाबा! एका हातात किल्लीवाल्याची कॉलर, दुसऱ्या हातात बिनझाकणाचा थर्मास. झाकण किल्लीवाल्याला मारलं होतं म्हणे. नेम कधी होता यांचा?

मैदानात वस्तू आली की नियम एकच. खेळ थांबवला. रखवालदाराला बोलावलं आणि बोट दाखवलं — माझ्या सासऱ्यांकडे. बाबांनी शर्ट खाली ओढून नीट केला आणि त्याच्यासोबत चालू लागले. त्यांचीच माणसं त्यांना हुर्यो करत होती.

निळे हरले.

रविवार, १८ मार्च

अहवाल लिहायचाय. सासूबाईंनी चहा ठेवला आणि विचारलं, "नाव घालणार?" मी म्हटलं, "घालावं लागेल." त्या म्हणाल्या, "घाल. स्पेलिंग विचार हवं तर, आत बसलेत." दोघी हसलो, मग मला रडूच आलं.

बाबांना सांगितलं. त्यांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "नियम म्हणजे नियम."

मंगळवार, २० मार्च

बाबांना हंगाम संपेपर्यंत मैदानबंदी. किल्लीवाल्याशी अबोला. सकाळपासून खिडकीचा एकच स्क्रू घट्ट करतायत.

गुरुवार, २२ मार्च

पास! निरीक्षकांनी लिहिलंय, "दडपणाखाली निर्णय ठाम." नवऱ्यानं मला उचललं, कंबर धरून बसला. बाबा म्हणाले, "शाब्बास!" टाळी एकही वाजवली नाही.

शुक्रवार, २३ मार्च

आज संघटनेकडून सामन्याचा व्हिडिओ आला. नऊ नंबरला पिवळ्याचा पाय लागला होता. स्वच्छ. पेनल्टी होती.

निरीक्षकांना फोन करून सांगितलं. उद्या बोलावलंय. मग बाबांकडे गेले.

"तुम्ही अगदी समोर होता. दिसलं होतं ना?"

"तर! घोट्यावरच मारला त्यानं."

"मग?"

"मग काय! आली होती शिवी ओठावर, चांगली दणदणीत. तेवढ्यात त्या किल्लीवाल्यानं भांडी काढली."