भिंतीकडे तोंड करून

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गावात मोबाईलला रेंजसुद्धा नव्हती, म्हणून मी आता काय करते ते आधी सांगते. मी कणकवलीत एका खोलीत बसून पडद्यावर पेशंट बघते. खाडीपलीकडची माणसं घरूनच जीभ दाखवतात, आणि मी औषध लिहून पाठवते. सगळंच लिहिता येत नाही. झोपेच्या, नशेच्या काही औषधांची यादी आहे, ती व्हिडिओवर कोणालाही द्यायची नाहीत. पेशंट समोर बसलेला हवा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी बारावीत होते. तुम्ही धामापूरला पेशंटकडे गेला होतात, आणि शेजारची वहिनी सासूसाठी झोपेच्या गोळ्या मागायला आली. तुम्ही द्यायचात त्याच. मी अख्खं पाकीट काढून दिलं. तुम्ही आलात, ऐकलंत आणि चपला न काढताच मागे फिरलात. पाकीट घेऊन परतलात तेव्हा कळलं, सासूने काही मागितलंच नव्हतं. तुम्ही ओरडला नाहीत. मोरीत हात धुता धुता म्हणालात, "मागणारो सांगता तां आयकान घे. पण खातलो कोण, तां डोळ्यांनी बघ." त्यानंतर कितीतरी दिवस वहिनी संध्याकाळी आपल्याकडे यायची, आईने दिलेला चहा प्यायची, आणि तुम्ही तिच्याशी बोलत बसायचात.

मागच्या आठवड्यात, भर दुपारी, मालवणजवळच्या एका गावातून चाळिशीचा एक माणूस पडद्यावर आला. मासेमारीच्या होडीवर जाणारा. "आयेक झोप येणा नाय," म्हणाला, आणि गोळीचं नाव सांगितलं. यादीतलीच. आई कुठे आहे विचारलं, तर त्याने मोबाईल फिरवला. खाटेवर कोणीतरी भिंतीकडे तोंड करून झोपलंय. हिरवी गोधडी कानावरून ओढलेली. वर पंखा फिरतोय, गोधडीचं टोक हलतंय, बाकी काही हलत नाही.

"त्यांना इकडे वळायला सांगा."

"ती वळणा नाय."

"मग बोलू दे त्यांना."

मोबाईल खाटेवरच रोखलेला. मग बारीक, थकलेल्या बाईचा आवाज आला, "बाय, माका झोप येणा नाय गो. झिलाक त्रास होता."

मी त्या आवाजाला उत्तर दिलं, बाबा. म्हटलं, आजी, ही गोळी मला इथून देता येत नाही, मी गाडी पाठवते, तुम्ही या. त्यावर मुलगा आपल्या आवाजात म्हणाला, "तुमचे बाबा देयत," आणि पडदा काळा झाला.

मी त्या गावातल्या आशाताईंना, म्हणजे घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला, फोन केला, म्हातारीला जरा बघून या म्हटलं. त्या म्हणाल्या, "खंयची म्हातारी, मॅडम? ती जावन दोन म्हयने झाले. बाराव्याक मी जेवलंय थंय."

शेजारच्या दोघांना घेऊन त्या लगेच गेल्या. दार उघडंच होतं. गोधडीखाली आईच्या लुगड्यात गुंडाळलेल्या उशा होत्या. तो शेजारी बसून बोलत होता, एकदा आपल्या आवाजात, एकदा तिच्या. फळीवर ठिकठिकाणाहून जमवलेल्या गोळ्यांची पाकिटं होती, एकही न फोडलेली. गाडीने त्याला माझ्यासमोर आणलं. मी नाडी धरली आणि आपल्या भाषेत विचारलं, "झोप कोणाक येणा नाय?" तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माका."

आता तो इस्पितळात आहे. जेवतो, थोडा झोपतो. तिच्या आवाजात बोलणं थांबलंय. नियमाने माणूस वाचला असं सगळे म्हणतात, आणि मीही मान हलवते.

हे पत्र कुठे धाडणार, म्हणून तुम्हालाच खरं लिहिते. महिन्यापूर्वी त्याच म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी लिहून दिल्या होत्या. त्या यादीत नाहीत, जुनी चिठ्ठी होती, गर्दी होती. नुसत्या फोनवर काम भागलं. मी विचारलं होतं, "आजी, बरां आसा मा?"

"बरां आसा," ती म्हणाली होती.