विल्माने डोळे मिचकावले नाहीत

अल ऐन, यूएई

डॅरिलदादा यांस कॅस्मिरचा नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि वहिनींची शुगर आटोक्यात असेल, अशी देवाजवळ प्रार्थना करतो. ट्रेसी आणि मी बरे आहोत. (ती मला जेवायला वाढते आणि इंग्रजीत रागावते.)

पत्राचं कारण असं. विल्मा गेल्यावर तिचा फोन उघडला, तेव्हा ती ऑनलाइन लॉटरी खेळायची हे कळलं. पॅरिशच्या हाउजीत आकडे पुकारणारी बाई, पण घरी याबद्दल एक शब्द बोलली नाही. खातं बंद करावं म्हणून मी तिच्याच फोनवरून आत शिरलो आणि तिथेच अडकलो. त्या कंपनीत गिऱ्हाइकाची ओळख पायरीपायरीने पटवतात. पहिल्या पायरीला फोन नंबर, तो पटला. दुसरीला एमिरेट्स आयडी, तोही पटला. तिसरीला चेहरा कॅमेऱ्यासमोर धरा म्हणाले. मी घरातल्या अल्तारावरचा तिचा फोटो काढून धरला. उजेड कमी आहे असं आलं, म्हणून मेणबत्ती लावली. मग आलं, डोळे मिचकावा. (ट्रेसी मागून म्हणाली, "डॅडा, सीरियसली?") मी फोटोच थोडा हलवून पाहिला. त्यावर खात्याला शिक्का बसला : संशयास्पद. मासळीवालीने चुकून जास्त घातलेला बांगडासुद्धा परत नेऊन देणारी आपली विल्मा, आणि ती संशयास्पद! दादा, तिच्या नावापुढचा तो शब्द तेवढा निघायला हवा, बाकी काही नको.

कंपनीतल्या यम्ना नावाच्या मुलीला फोन करून सांगितलं, की बायको वारली. ती म्हणाली, "सॉरी अंकल. बस एक बार मॅडम को लाइन पे दीजिए." मी पुन्हा सांगितलं. फोनवर बराच वेळ गाणं वाजलं, मग म्हणाली, "डेथ सर्टिफिकेट भेजिए, खलास." विल्मा वसईतच वारली, त्यामुळे दाखला तुमच्याकडेच असेल. त्याची प्रत पाठवावी.

घरी सर्वांना आठवण सांगा.

तुमचा
कॅस्मिर

ता. क. : दाखल्याने खातं बंद होईल, पण शिक्का निघायला तिने स्वतः निवडलेल्या प्रश्नाचं उत्तर लागतं : शाळेतली जिवलग मैत्रीण कोण? मी आधी हाउजीतल्या तिच्या मैत्रिणीचं, करेनचं, नाव लिहिलं, ते चुकलं. मग काही सुचेना म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. आता एकदाच विचारतील. एवढा संसार झाला, पण हे मला माहीत नाही. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, तुम्हाला असेल. नाव कळवा.

आणखी एक : ती मैत्रीण कशी होती, दोघी कुठे भटकायच्या, कशावरून भांडायच्या, तेही लिहा. कंपनीने ते विचारलेलं नाही.